‘मेंदूतलं रसायन बिघडलंय’ हे वाक्य नक्की किती खरं?

पायरीवरचा

दादा तेवीस वर्षांचा होता तेव्हा त्याला पहिल्यांदा आवाज ऐकू यायला लागले. सन २००९. पुढचे सहा महिने आमच्याकडे तेच झालं जे बहुतेक घरांत होतं. मावशीने कुणाकडून तरी अंगारा आणला, गाणगापूरची वारी झाली, वडिलांनी ‘नोकरी लागली की येईल ताळ्यावर’ म्हणून विषय संपवला. आई मात्र रात्री उठून बसायची आणि हिशेब मांडायची. अभ्यासावरून आपण त्याला फार बोललो का? धाकट्याचे लाड जास्त झाले का? (धाकटा म्हणजे मी.)

शेवटी मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. स्किझोफ्रेनिया, असं निदान झालं. त्यांनी आईला सांगितलं, "ताई, यात तुमची काही चूक नाही. मेंदूतलं एक रसायन बिघडलंय. शुगरला जशी गोळी, तशी याला गोळी." त्या रात्री आई कित्येक महिन्यांनी सलग झोपली. त्या एका वाक्याचे उपकार आहेत आमच्यावर, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी गैरसमज करून घेणार नाही.

आवाज दोन-अडीच महिन्यांत विरले. पण दादा उठत नाही. आंघोळीला दहा वेळा सांगावं लागतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला मुलगा, गल्लीतले सगळे बंद रेडिओ याच्याकडे यायचे. आता सोल्डरिंगची पेटी माळ्यावर आहे. वाईट वागत नाही, चिडत नाही. बसून असतो.

तर माझा प्रश्न असा. रसायन बिघडलं होतं, गोळीने ते ठीक झालं, तर माणूस का उठत नाही? आणि दुसरा: शुगर मोजता येते. दादाचं डोपामाइन (म्हणजे ते मेंदूतलं रसायन) इतक्या वर्षांत एकदाही कुणी मोजलं नाही. मी विचारलं तर डॉक्टर नुसते हसले.

वर्षभर जमेल तसं वाचतोय. मला वाटायचं, आधी शास्त्रज्ञांना बिघाड सापडला आणि मग त्यावर औषध काढलं. झालंय नेमकं उलटं. क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झालं. आंरी लाबोरी नावाच्या नौदलातल्या सर्जनने ते भुलीच्या वेळी वापरलं आणि त्याच्या लक्षात आलं की पेशंट जागा असतो, पण त्याला कशाचीच फिकीर उरत नाही. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात दले आणि दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. वर्षानुवर्षं दंगा करणारे वॉर्ड शांत झाले. ते औषध मेंदूत नक्की काय करतं हे तेव्हा कुणालाही ठाऊक नव्हतं! म्हणजे किल्ली आधी सापडली, आणि मग किल्लीच्या दात्यांवरून कुलपाचं चित्र काढलं गेलं. ते चित्र बरोबर असेलही. पण पूर्ण आहे का?

जाणकारांनी लिहावं. शुभंकरांनी (घरातल्या मनोरुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी) तर जरूर लिहावं.

रानजाई

आमच्याकडे बहीण. तिचंही हेच. आवाज होते तेव्हा नातेवाईक ‘आजारी आहे’ म्हणायचे. आता आवाज नाहीत, तर ‘आळशी झाली आहे, फुकट खाते’ म्हणतात. खरं सांगू, पहिलं परवडलं. वाचत्येय.

खलबत्ता

औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे इतिहासाची खाज आहे. धागाकर्त्याने फ्रान्सपासून सुरुवात केली, पण या गोष्टीचं एक टोक आपल्याकडे आहे, ते राहिलं.

सर्पगंधा. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं की ही मुळी वाढलेल्या रक्तदाबावर आणि उन्मादावरही चालते. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पेशंटांवरचे अनुभव १९४९ मध्ये इंग्लंडच्या एका हृदयरोगाच्या नियतकालिकात छापले, आणि मग जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पीन वेगळं काढलं. १९५४ च्या सुमारास न्यूयॉर्कमधले नेथन क्लाइन ते मनोरुग्णांना देऊ लागले, आणि काहींना गुण आला.

आता खरी गंमत. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिलं. ससे जागच्या जागी गोठल्यासारखे बसून राहिले. मग त्यांना एल-डोपा (शरीरात ज्यापासून डोपामाइन बनतं ते द्रव्य) टोचलं. थोड्या वेळात ससे उठून हिंडायला लागले. हे १९५७ सालचं. तोवर डोपामाइन म्हणजे नॉरॲड्रिनलिन हे दुसरं रसायन बनण्याच्या वाटेवरचा एक थांबा, एवढीच त्याची किंमत होती. रेसर्पीन मेंदूतली डोपामाइनची कोठारंच रिकामी करतं, हे तिथे कळलं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. आपली मुळी नसती तर डोपामाइनचं महत्त्व कळायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे.

१९६३ मध्ये कार्लसन आणि लिंडक्विस्ट यांनी उंदरांवर दाखवलं की क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल कोठार रिकामं करत नाहीत. ती बहुधा पलीकडच्या पेशीवरचे ग्राही (रसायन जिथे येऊन चिकटतं त्या जागा) अडवून धरतात. दार बंद केल्यासारखं. मग १९६६ मध्ये हॉलंडच्या व्हान रॉसम यांनी उलट दिशेने प्रश्न टाकला: डोपामाइन अडवल्यावर माणूस सुधारतो, तर दुखणं डोपामाइनच्या अतिरेकाचं असेल का? आणि १९७५-७६ मध्ये टोरांटोचे फिलिप सीमन आणि बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एक आलेख काढला. हॅलोपेरिडॉल काही मिलिग्रॅममध्ये काम करतं, क्लोरप्रोमाझिनला शेकडो मिलिग्रॅम लागतात. हा फरक कशाने? जे औषध डोपामाइनच्या डी-२ ग्राहीला जितकं घट्ट चिकटतं तितका त्याचा डोस कमी. सगळी औषधं जवळजवळ एका सरळ रेषेत बसली. मी दरवर्षी फळ्यावर हा आलेख काढायचो. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वही उघडायची.

पण आलेख औषधाबद्दल बोलतो, रोगाबद्दल नाही. ही गल्लत भल्याभल्यांनी केली आहे.

चहाटळ

रील्स बघितल्या की डोपामाइन वाढतं म्हणतात. मग आमचा पुतण्या एव्हाना वेडा व्हायला हवा होता. :)

रानजाई

@चहाटळ, या धाग्यावर तो शब्द नको, प्लीज.

चहाटळ

चूक झाली. संपादन करता येत नाहीये, पण शब्द मागे घेतो. प्रश्न मात्र खराच आहे. डोपामाइन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ ना? ते जास्त झालं तर माणूस खूश व्हायला हवा, घाबरा का होतो?

निशिगंध_एमडी

प्रश्न चांगला आहे. उत्तर जरा लांबेल, ओपीडी संपवून लिहितोय.

‘आनंदाचं रसायन’ हे वर्तमानपत्री बारसं आहे. डोपामाइनच्या कामांपैकी एक म्हणजे ‘इकडे बघ, हे महत्त्वाचं आहे’ अशी खूण करणं. दिवसभरात हजार गोष्टी कानाडोळ्यांवर आदळतात, त्यातल्या नऊशे नव्वद आपण सोडून देतो. समजा ही खूण भलत्याच वेळी, भलत्याच गोष्टीवर उमटायला लागली. समोरच्या काकूंनी खिडकी लावली, खूण. बसचा नंबर ४२, खूण. टीव्हीवरची बाई खोकली, खूण. प्रत्येक गोष्ट आपल्याला उद्देशून घडतेय असं वाटतं. असं किती दिवस सहन होईल? मन त्यावर एक गोष्ट रचतं, आणि गोष्ट सापडली की उलट सुटल्यासारखं वाटतं. तो भ्रम. शितिज कपूर यांनी २००३ मध्ये ही मांडणी केली, आणि पेशंटच्या तोंडून रोज जे ऐकतो त्याच्याशी मला ती सर्वांत जुळणारी वाटते. खूण रसायनाची, गोष्ट मात्र ज्याच्या त्याच्या जगातली. माझ्या सरांच्या जुन्या पेशंटांना करणी केलेली असायची, माझ्या पेशंटांच्या मोबाइलमध्ये कुणीतरी बसलेलं असतं.

आता ‘मोजलं का नाही’. कारण रक्तातल्या किंवा लघवीतल्या डोपामाइनवरून मेंदूतलं काहीच कळत नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी काढूनही पाहिलं गेलं, त्यातून भरवशाचं निदान निघालं नाही. किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूचं स्कॅन करतात तेव्हा मात्र काहीतरी दिसतं. १९९६ मध्ये मार्क लारुएल आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना ॲम्फेटामिनचा (मेंदूत डोपामाइन सोडायला लावणाऱ्या उत्तेजक औषधाचा) छोटा डोस दिला. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मेंदूत स्ट्रायटम या भागात डोपामाइन निरोगी माणसांपेक्षा जास्त सुटलं. पुढे कळलं की हे दुखणं उसळलेलं असताना दिसतं, शांत असताना नाही. तेव्हा डोपामाइनचा वाटा आहे, आणि तो नुसता औषधावरून काढलेला तर्क उरलेला नाही. पण हे गटांच्या सरासरीचे निष्कर्ष आहेत. एका दादाचं स्कॅन काढून निदान करता येत नाही. कुणी लॅबवाला ‘न्यूरोट्रान्समीटर प्रोफाइल’ म्हणून लघवीची तपासणी विकत असेल तर पैसे वाचवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. आवाज, भ्रम ही एक बाजू. उमेद जाणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावरचा भाव मावळणं ही दुसरी. डी-२ अडवणारी औषधं पहिल्या बाजूवर चांगली चालतात, दुसऱ्या बाजूवर फारशी नाहीत. ‘रसायन ठीक झालं’ म्हणजे एका भागातला एक गोंगाट कमी झाला, इतकंच. शिवाय गोळीला पत्ता वाचता येत नाही. तीच गोळी हालचालींच्या भागातही डोपामाइन अडवते, म्हणून हात कापतात, पावलं अडखळतात आणि आम्ही जोडीला पॅसिटेन लिहून देतो. तीच प्रोलॅक्टिन या संप्रेरकावरचा लगाम सोडते, म्हणून काही बायकांची पाळी थांबते. कधी सुस्ती दुखण्याची असते, कधी औषधाची, कधी वेगळं नैराश्य असतं. घरच्यांना तिन्ही सारखीच दिसतात. डॉक्टरने मात्र वेगळी करून बघायला हवीत, आणि गर्दीच्या ओपीडीत ते होत नाही, हे मी आमच्या जातभाईंच्या वतीने कबूल करतो.

आडवाट

सगळं वाचलं. पण ‘केमिकल इम्बॅलन्स’ ही थिअरीच खोटी ठरली ना? लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात आलं होतं, व्हॉट्सॲपवर फिरत होतं. कंपन्यांनी गोळ्या खपवायला काढलेलं पिल्लू आहे हे. माझ्या आत्याने सगळ्या गोळ्या बंद केल्या, मस्त आहे.

खलबत्ता

तुम्ही म्हणता तो २०२२ चा आढावा नैराश्य आणि सिरोटोनिन यांच्याबद्दल होता. स्किझोफ्रेनिया आणि डोपामाइन हा वेगळा खटला. एका केसचा निकाल दुसऱ्या आरोपीला लावू नका.

तुमच्या शंकेत तथ्य अजिबात नाही असं मात्र म्हणणार नाही. या आजाराचं ‘विष’ सापडल्याच्या आरोळ्या अनेकदा झाल्या आहेत. १९५० च्या दशकात कॅनडातले ऑसमंड आणि हॉफर म्हणाले, ॲड्रिनलिनपासून बनणारं ॲड्रिनोक्रोम हा गुन्हेगार, नायसिनचे मोठे डोस द्या. टिकलं नाही. न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट हीथ यांनी पेशंटांच्या रक्तातून ‘टॅराक्सीन’ काढल्याचं जाहीर केलं, ते इतरांना सापडेना. १९६२ मध्ये लघवीच्या तपासणीत कागदावर एक गुलाबी ठिपका दिसला, आणि वाटलं, चला, मिळाली एकदाची टेस्ट. पुढे शंका निघाली ती आहाराची आणि औषधांची. वॉर्डातल्या माणसांचं जेवण, चहा, गोळ्या, सगळंच बाहेरच्यांपेक्षा वेगळं असतं, हे लक्षात घ्यायला वेळ लागला. डोपामाइन या सगळ्यांतून टिकून राहिलं ते पुराव्यावर. पण ‘एकच रसायन, एकच बिघाड’ ही हाव जुनीच आहे.

निशिगंध_एमडी

@आडवाट, आत्या मस्त आहेत याचा आनंद आहे. पण अशा बंद केलेल्या गोळ्यांनंतर आठ महिन्यांनी, वर्षाने पोलीस व्हॅनमधून आलेली माणसं मी पाहिली आहेत. कमी करायच्या असतील तर डॉक्टरला सांगून, हळूहळू. इथे वाचून कुणीही गोळी थांबवू नये, एवढी विनंती.

तिसरी_घंटा

बरीच वर्षं या संस्थळावर आहे, पण हे कधी लिहिलं नव्हतं. मला स्वतःला हा आजार आहे. तुम्ही सगळे आमच्याबद्दल छान बोलताय, म्हटलं आतून एकाने बोलावं.

गोळीने आवाज ‘बंद’ होतात असं लोकांना वाटतं. माझ्या बाबतीत असं झालं: आधी लग्नाच्या मांडवातला लाऊडस्पीकर माझ्या कानाला लावलेला होता. गोळीनंतर स्पीकर चालूच राहिला, पण मांडव चार गल्ल्या पलीकडे गेला. बोलतात ते ऐकू येतं, पण ते माझ्याशी बोलतायत असं वाटत नाही. डॉक्टरांची ती ‘खूण’ वाचली आणि म्हटलं, अगदी हेच.

दुसरं. सुरुवातीच्या दिवसांत जग फार अर्थपूर्ण होतं. भयानक होतं, पण मी त्याच्या मध्यभागी होतो. गोळीने भीती गेली आणि मध्यभागही गेला. सकाळी उठून दात घासणं या कृतीला मग काही वजनच उरत नाही. लोक म्हणतात, मनावर घे. घ्यायचं कशाने? ज्याने घ्यायचं तेच तर मंद झालंय.

आणि ‘रसायन बिघडलंय’ या वाक्याबद्दल. माझ्या आईला त्याने बरं वाटलं. मला नाही. मला वाटलं, म्हणजे मी विचार केलेलं सगळं नुसतंच गळकं रसायन होतं? मला दिवसभर कोण हिणवायचं, कुणाच्या आवाजात, हे त्यानंतर कुणी विचारलंच नाही. तो आमच्या शाळेतल्या एका सरांचा आवाज होता. रसायनाने सर निवडले नव्हते.

रानजाई

हे वाचून बहिणीच्या खोलीत जाऊन बसले. काही बोलले नाही. धन्यवाद.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून. फार्मा कंपनीत संख्याशास्त्रावर काम करतो (मानसोपचाराशी संबंध नाही, पण बातम्या येतात). इथे सप्टेंबर २०२४ मध्ये झॅनोमेलीन आणि ट्रोस्पियम यांची एकत्र गोळी मंजूर झाली. डी-२ ग्राहीला ती हातच लावत नाही, ती मस्करिनिक ग्राहींवर (ॲसिटिलकोलिन या वेगळ्या रसायनाच्या) काम करते. झॅनोमेलीन मूळचं अल्झायमरसाठी तपासलेलं औषध. त्या पेशंटांचे भास कमी होताना दिसले, पण मळमळ आणि उलट्या फार. म्हणून जोडीला ट्रोस्पियम घातलं, ते मेंदूत फारसं शिरत नाही आणि शरीरातला त्रास अडवतं. सत्तरेक वर्षांत पहिल्यांदा वेगळ्या दाराने आत गेलेली गोळी. याच दारावर भिस्त ठेवलेलं दुसरं एक औषध, एम्राक्लिडीन, त्याच वर्षी नोव्हेंबरात चाचणीत आपटलं. तेव्हा फटाके जपून.

पायरीवरचा

हे डोपामाइन न अडवता चालतं, तर डोपामाइनची गोष्ट चुकीची ठरते का?

निशिगंध_एमडी

तसं नाही. त्या ग्राहींमार्फत शेवटी डोपामाइनची धारच कमी होते असं दिसतं. पण डोपामाइन हा नदीचा खालचा घाट असावा, उगम वरती कुठेतरी असावा, असं आता बऱ्याच जणांना वाटतं. वरती कोण, यात ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचं नाव पुढे आहे. केटामिन हे भुलीचं औषध ग्लुटामेटचा एनएमडीए नावाचा ग्राही अडवतं. १९९४ मध्ये येलच्या क्रिस्टल यांनी निरोगी माणसांना ते थोड्या प्रमाणात दिलं, तर भासासारखे अनुभव आलेच, शिवाय ती माणसं निर्विकार, अलिप्त झाली. दुसरी बाजूही आली! ॲम्फेटामिनने सहसा पहिलीच येते. आणि २००७ मध्ये दालमाउ यांनी एक आजार नेमका ओळखला, त्यात शरीराचीच प्रतिद्रव्यं या ग्राहीवर हल्ला करतात. तरुण मुली अचानक भ्रमिष्टासारखं करू लागतात, आणि काहींच्या बीजांडकोषात गाठ सापडते. गाठ काढली, प्रतिकारशक्तीवरचे उपचार केले की बऱ्याच जणी बऱ्या होतात. पूर्वी अशा किती मुलींना आयुष्यभर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला असेल, हा विचार मला झोपू देत नाही. पण ग्लुटामेटवर बेतलेली औषधं चाचण्यांमध्ये आतापर्यंत पडलीच आहेत.

आणखी एक, खलबत्ता सरांसाठी. २०१२ मध्ये लंडनच्या देमजाहा आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटांचं स्कॅन केलं. त्यांच्यात डोपामाइनचं उत्पादन वाढलेलंच नव्हतं. म्हणजे दरवाजा अडवतोय, पण गर्दी तिथे नाहीच. अशांना क्लोझापीन. १९८८ मध्ये जॉन केन यांच्या चाचणीत अशा हट्टी दुखण्यात क्लोझापीनने ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनने ४ टक्के. आणि क्लोझापीन डी-२ ला सैलच चिकटतं! नुसत्या डी-२ च्या पकडीवरून या गड्याचा हा गुण समजत नाही. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, आणि त्या कटकटीपायी आपल्याकडे ते फार उशिरा सुरू होतं.

@पायरीवरचा, दादाला कोणतं औषध आहे? आणि बिडी-सिगारेट?

पायरीवरचा

ओलांझापीन, पुष्कळ वर्षं. सिगारेट दिवसाला पंधरा होत्या. गेल्या दिवाळीत आईने शपथ घातली, सुटल्या. आम्ही पेढे वाटले. खरं तर त्यानंतर झोप जास्तच वाढली, पण आम्हाला वाटलं सिगारेटची तलफ मारतोय.

निशिगंध_एमडी

हे तुमच्या डॉक्टरांना सांगितलंत का? तंबाखूच्या धुरामुळे यकृतातलं एक विकर जोमात येतं आणि ते ओलांझापीन लवकर फोडून टाकतं. क्लोझापीनचंही तेच. धूर थांबला की तीच गोळी रक्तात जास्त साठते. (निकोटिनमुळे नाही, धुरामुळे.) डोस स्वतः बदलू नका, पण याच आठवड्यात जाऊन सांगा. सिगारेट सुटली हे उत्तमच झालं, ती परत सुरू करायची नाही.

खलबत्ता

मेंदूवर चर्चा करता करता यकृतात निघालो. हे मला फार आवडलं.

पायरीवरचा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी सिगारेटचं कधी विचारलं नव्हतं आणि आम्ही कधी सांगितलं नव्हतं. डोस थोडा उतरवलाय, दर पंधरा दिवसांनी बोलावलंय. दादा साडेदहाऐवजी साडेआठला उठतो. बाकी तसंच आहे. आंघोळीला अजून सांगावं लागतं, पण चार वेळा. तिसरी_घंटा यांचा प्रतिसाद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. लाऊडस्पीकरवर जरासा हसला. ‘आवाज कुणाचा होता रे?’ असं मी पहिल्यांदाच विचारलं. म्हणाला, नंतर सांगतो.

तिसरी_घंटा

सांगेल. घाई नको. माझ्याकडे वडिलांचा एक जुना मर्फी रेडिओ बंद पडलाय. दादाला विचार, बघेल का.

पायरीवरचा

विचारलं. तो म्हणतोय, व्हॉल्व्हचा आहे की ट्रान्झिस्टरचा?

तिसरी_घंटा

ट्रान्झिस्टरचा. सेलचा कप्पा गंजलाय.